पाण्याची बाटली बाजूला ठेवा

रस्त्यावर कुणी पडलं की आपल्याकडे काही गोष्टी ठरल्यासारख्या घडतात. एक जण पाण्याची बाटली घेऊन धावतो. दोघं-तिघं काखेत हात घालून त्या माणसाला उठवून बसवतात. कुणीतरी त्याचा वाकडा झालेला पाय सरळ करायला बघतो. मागून येणाऱ्या गाड्यांकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं.

हे सगळं मीही केलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, जुलैच्या पावसात, महाडच्या अलीकडे एक तरुण मोटारसायकलवरून घसरला. मी गाडी होती तशी वळणावरच सोडून धावलो आणि त्याच्या तोंडाला बाटली लावली. तो अर्धवट शुद्धीत होता. ठसका लागला, पाठोपाठ उलटी झाली, आणि उताणा असल्यामुळे ती घशातच अडकली. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरला, त्याने एका हाताने तरुणाची मान धरली, दुसऱ्याने खांदा धरून त्याला कुशीवर वळवलं आणि मान वर न करताच मला म्हणाला, "साहेब, आधी तुमची गाडी हलवा." तरुण वाचला. पुढे मी प्रथमोपचाराचा रीतसर वर्ग केला, तेव्हा कळलं की त्या दिवशी माझा प्रत्येक क्रम उलटा होता. आपल्या लोकांत मदतीला धावणाऱ्यांची वाण नाही. काय आधी आणि काय नंतर, तिथे घोटाळा होतो. म्हणून ही कृती.

साहित्य

नव्या गाडीबरोबर प्रथमोपचाराची पेटी आणि परावर्तक त्रिकोण मिळतो. पेटीत साधारण चिकटपट्ट्या, कापूस, मलम आणि बोटभर रुंदीची बँडेजं असतात. बोट कापलं तर ठीक. मांडीतून रक्त उसळत असेल तर त्या पेटीचा फारसा उपयोग नाही. तिच्यात स्वतःची भर घाला: दोन-तीन धुतलेले सुती पंचे किंवा जुन्या धोतराच्या घड्या, चार इंच रुंदीची दोन क्रेप बँडेजं, रबरी हातमोज्यांचे चार जोड, जाड कापड कापणारी कात्री, एक चादर, बॅटरी आणि मार्कर पेन. कात्री मात्र पुढच्या कप्प्यात हवी. सीटबेल्ट कापायची वेळ आली आणि कात्री डिकीत असली तर काय उपयोग? त्रिकोणाचंही तसंच. बॅगा, चपला, आंब्याची पेटी यांच्याखाली गाडलेला त्रिकोण हाती लागेपर्यंत तीन मिनिटं जातात. तो सगळ्यात वर ठेवा.

पहिलं काम: तिसरी गाडी आदळू न देणं

ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. शंभर मीटर अलीकडून तुम्ही दिसलात तरी त्या ड्रायव्हरच्या हाती जेमतेम साडेतीन सेकंद असतात. त्यामुळे जखमीला हात लावण्याआधीची दोन मिनिटं रस्त्याला द्यायची.

गाडी डांबर सोडून कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा. अंधार असेल तर हेडलाइटचा उजेड अपघाताच्या जागी पडेल अशी गाडी उभी करा, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ देऊ नका. बायका-मुलांना रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दारातून उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. त्रिकोण साध्या रस्त्यावर किमान पन्नास मीटर मागे, महामार्गावर शंभर मीटर किंवा त्याहूनही मागे. घाटात मीटर मोजत बसू नका: तो वळणाच्या किंवा चढाच्या अलीकडेच लागला पाहिजे. वळण संपल्यावर लावलेला त्रिकोण कुणाला दिसणार? तो लावायला जाताना अंगापुढे धरून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, रस्त्याच्या कडेने चाला.

त्रिकोण नसेल तर झाडाची फांदी चालेल. दगड नकोत. रांगेने दगड मांडायचे, काम झालं की निघून जायचं आणि ते तिथेच ठेवायचे, ही आपल्या रस्त्यांवरची जुनी खोड आहे. रात्री तेच दगड एखाद्या दुचाकीखाली येतात.

मग अपघातग्रस्त गाडी. चावी फिरवून इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा. इलेक्ट्रिक गाडी आवाज करत नसली तरी चालू असू शकते, आणि तिच्या केशरी रंगाच्या जाड तारांना हात लावायचा नाही. न फुटलेली एअरबॅग नंतरही फुटू शकते, म्हणून स्टिअरिंग आणि जखमी यांच्यामध्ये डोकं घालू नका. विजेचा खांब पडला असेल तर तारेच्या जवळही जाऊ नका. वीज बंद झाल्याचं वीज कंपनीच्या माणसाकडून कळेपर्यंत तार जिवंतच धरायची. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर विड्या-सिगारेटी विझवायला ओरडून सांगा.

उलटलेला टँकर असेल तर वारा तुमच्या पाठीकडून टँकरकडे वाहत असेल अशा बाजूला, भरपूर अंतरावर थांबा आणि आधी फोन करा. १३ जून २०२३ ला लोणावळ्याजवळ द्रुतगती मार्गावर रसायनाचा टँकर उलटून पेटला, तेव्हा पेटतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडलं आणि तिथून जाणारेही होरपळले. चार जण गेले. अशा ठिकाणी धाडस दाखवायचं नसतं.

दुसरं: मोजदाद

तीस सेकंदांत एक फेरी मारा. शुद्धीत असलेल्याला विचारा, "गाडीत किती जण होता?" आकडा जुळेपर्यंत शोधा: सीटखाली सरकलेलं मूल, दहा-पंधरा फुटांवर झुडपात फेकली गेलेली मागे बसलेली बाई, गटारात पडलेला दुचाकीस्वार.

जो ओरडतो आहे त्याचा श्वास चालू आहे, हे ध्यानात ठेवा. गर्दी नेहमी ओरडणाऱ्याभोवती जमते. तुम्ही गप्प पडलेल्याकडे जा.

बस आडवी झाली असेल तर दाराचा मोह सोडा. समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ १ जुलै २०२३ च्या पहाटे जी बस उलटून पेटली, ती दाराच्याच बाजूवर पडली होती. २५ प्रवासी दगावले, आणि जे वाचले त्यांच्यातले काही काच फोडून बाहेर पडले. मागची काच, आपत्कालीन खिडकी, छतावरची झडप यांच्याकडे वळा. काच कोपऱ्यात मारली की लवकर फुटते, मधोमध नाही.

तिसरं: फोन, तोही नीट

१०८ हा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या रुग्णवाहिका सेवेचा क्रमांक, ११२ पोलीस-अग्निशमनासह सगळ्यांसाठी, आणि १०३३ राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी. तुमचे हात रक्त थांबवण्यात गुंतलेले असतील तर फोन दुसऱ्याकडे सोपवा. पण "कुणीतरी फोन करा" म्हणू नका. कुणीतरी म्हणजे कुणीच नाही. एकाकडे बोट दाखवा: "निळा शर्ट, दादा तुम्ही. १०८ लावा आणि काय म्हणाले ते मला येऊन सांगा."

सांगायचं काय? जागा, दिशा, किती जखमी, कुणी अडकलंय का, आग किंवा रसायन आहे का. दिशा सगळेच विसरतात. "खंबाटकी घाटात" एवढ्यावर रुग्णवाहिका कुठे पाठवणार? साताऱ्याकडून पुण्याला येणारा रस्ता बोगद्यातून जातो आणि पुण्याकडून साताऱ्याला जाणारा जुन्या घाटातून. एकातून दुसऱ्यात मध्येच उडी मारता येत नाही. "साताऱ्याकडून पुण्याला येताना, बोगदा संपल्यावरच्या वळणावर" असं सांगा. किलोमीटरचा दगड किंवा पाटी दिसत असेल तर तो आकडा वाचा. पलीकडचा माणूस ठेवतो म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

चौथं: वाहतं रक्त

पूर्वी श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण असा क्रम शिकवत. आता धो धो वाहणारं रक्त त्याच्याही आधी घेतात, कारण मांडीतली मोठी रोहिणी तुटली तर माणूस तीन-चार मिनिटांत जाऊ शकतो. खरचटणं, डोक्याच्या कातडीतून ओघळणारी धार, फुटलेला ओठ यांत अडकू नका. उसळणारं रक्त, रस्त्यावर साचत जाणारं थारोळं, भिजून जड झालेली पँट: ही खरी खूण.

हातमोजे नसतील तर हातावर प्लास्टिकच्या पिशव्या चढवा. कपडा कापून जखम उघडी करा. पंचाची जाड घडी जखमेवर ठेवून तळहाताच्या मुळाने, कोपर ताठ ठेवून, अंगाचं वजन टाकून दाबा. नुसतं धरून ठेवणं आणि दाबणं यांत फरक आहे; तुमचे हात दुखायला लागले पाहिजेत. जखम खोल असेल, विशेषतः जांघेत किंवा काखेत, तर कापड बोटाने आत ठासून भरा आणि मग दाबा. मिनिटामिनिटाला उचलून "थांबलं का?" बघू नका, गोठू लागलेली गुठळी त्याने निघते. घडी भिजली तर तिच्यावर दुसरी ठेवून आणखी जोराने दाबा. काच किंवा पत्रा रुतला असेल तर तो उपसू नका, दोन्ही बाजूंनी कापडाच्या वळकट्या लावून दाबा. तोच पत्रा कदाचित रक्त अडवून बसलेला असतो. ओढणी, उपरणं, शर्ट, हाताला येईल ते कापड चालतं. स्वच्छतेची काळजी रुग्णालय घेईल. हळद, कॉफीची पूड, चुना, माती मात्र जखमेत जाता कामा नये.

दाबूनही थांबत नसेल किंवा हात-पाय तुटलाच असेल, तरच टूर्निकेट, म्हणजे वर आवळून बांधायचा पट्टा. जखमेच्या दोन-तीन इंच वर, गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही, किमान दोन इंच रुंद पट्टी बांधा. तिच्यात स्पॅनर किंवा काठी घालून रक्त थांबेपर्यंत पीळ द्या आणि ती काठी बांधून टाका. सुतळी, वायर, बुटाची नाडी नको, ती मांस कापते. खूप दुखेल, माणूस शिव्या देईल, देऊ द्या. बांधल्याची वेळ मार्करने त्याच्या कपाळावर लिहा. एकदा बांधलेला पट्टा रुग्णालयापर्यंत सैल करायचा नाही.

पाचवं: श्वास

समोरच्या सीटवर बेशुद्ध बसलेला, मान पुढे पडलेली, हनुवटी छातीला टेकलेली. अशा माणसाला अनेकदा मार जीवघेणा नसतो, पण दुमडलेल्या मानेमुळे श्वासमार्ग बंद होतो. दोन्ही तळवे कानांवर ठेवून डोकं सावकाश, सरळ रेषेत वर आणा आणि तसंच धरून राहा. कधी कधी एवढ्यानेच घोरल्यासारखा आवाज थांबून श्वास मोकळा होतो. रुग्णवाहिका येईपर्यंत हे डोकं धरणं एका माणसाचं पूर्णवेळ काम.

जमिनीवर पडलेल्याच्या खांद्यावर थोपटून हाक मारा. हलवू नका. उत्तर नाही? दहा सेकंद छाती-पोटाकडे बघा, नाकाशी गाल न्या. अधूनमधून मासा तडफडावा तसे आचके म्हणजे श्वास नव्हे. तोंडात दिसणारं रक्त, पडलेला दात, कवळी बोटाने काढा. न दिसणारं शोधायला बोट घशात घालू नका. मानेला मार असण्याची शक्यता असते, म्हणून डोकं मागे झुकवण्याऐवजी जबड्याचे दोन्ही कोन कानांखाली बोटांनी पुढे उचला. त्याने हवा जात नसेल तर डोकं हळूच मागे करा. मणक्याची भीती खरी आहे, पण श्वास नसलेल्या माणसाचा मणका जपून काही उपयोग नाही.

श्वास चालू आहे पण शुद्ध नाही, उलटी येते आहे, तोंडात रक्त साचतंय, तर डोकं-मान-पाठ एका फळीसारखी ठेवून कुशीवर वळवा. शक्यतो तिघांनी: एक डोक्याशी, तोच "एक, दोन, तीन" म्हणणार. माझ्या त्या ट्रकवाल्याने हे एकट्याने केलं होतं; तसंही चालतं.

श्वास नाही, तर सीपीआर. कठीण जमिनीवर उताणं, छातीच्या मधोमध तळहाताचं मूळ, दुसरा हात त्यावर, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. तोंडाने श्वास द्यायला शिकला असाल तर ३० दाबांनंतर दोन, नाहीतर नुसतेच दाब. दमायला होतं, दोन-दोन मिनिटांनी माणूस बदला. एक कठोर गोष्ट सांगायलाच हवी. तुम्ही एकटे आहात, तीन जण पडलेत, एकाचा श्वास थांबलाय आणि दुसऱ्याच्या मांडीतून रक्त उसळतंय, तर रक्तवाल्याकडे जा. अपघातात मार लागून हृदय थांबलेला रस्त्यावर क्वचितच परत येतो, तो दुसरा मात्र तुमच्या दोन हातांवर जगू शकतो.

सहावं: उचलबांगडी नको

मराठीत हा शब्द कुणाला पदावरून हटवण्यासाठी वापरतात, पण त्याचा मूळ अर्थ हात-पाय धरून उचलणं. रस्त्यावर आपण तो अगदी मूळ अर्थाने अमलात आणतो. मणक्याचं हाड मोडलं असेल तर त्या एका उचलण्यात आयुष्यभराची खाट नशिबी येऊ शकते. आग, पाणी, पुन्हा धडक बसण्याचा धोका, किंवा सीपीआर द्यायचं असेल, तरच बाहेर काढा. तेव्हाही मागून दोन्ही काखांतून हात घालून, डोकं तुमच्या हातांच्या आणि छातीच्या मध्ये पकडून, शरीराच्या सरळ रेषेत मागे ओढा. चादरीवर घेऊन ओढलं तर आणखी बरं.

हेल्मेट ओढून काढू नका. आधी काच वर करा, पट्टा सोडा, श्वास बघा. श्वास अडकत असेल किंवा उलटी होत असेल तरच काढायचं, आणि दोघांनी: एकाने खालून जबडा आणि मानेमागचा भाग घट्ट धरायचा, दुसऱ्याने हेल्मेटच्या कडा बाजूला ताणून ते सरळ वर सरकवायचं.

आणि ती बाटली

पाणी पाजायचं नाही. बेशुद्धाच्या घशातलं पाणी फुप्फुसात जातं. शुद्धीत असलेल्याला कदाचित तासाभरात भूल द्यावी लागेल, आणि भरल्या पोटी भूल धोक्याची. चहा नको, ग्लुकोज नको, वेदनाशामक गोळी नको. आपल्याकडे हे सांगणं अवघड आहे हे मला ठाऊक आहे. मागणाऱ्याला पाणी नाकारणं म्हणजे पाप, हे हाडीमाशी खिळलेलं. आजूबाजूची म्हातारी माणसं तुम्हाला नावं ठेवतील. ओल्या रुमालाने त्याचे ओठ पुसा आणि म्हणा, "डॉक्टरांनी सांगितलं की लगेच देतो." झटके येत असतील तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका.

"मला काही झालं नाही" म्हणणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. ३ जून २०१४ ला दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला धडक बसली. अंगावर मोठी जखम दिसत नव्हती, पण यकृत फाटून पोटात रक्तस्राव झाला होता. चेहरा पांढुरका, अंग गार आणि घामट, नाडी जलद, माणूस चुळबुळा किंवा गुंगल्यासारखा, तहान लागलेली: हे आतल्या रक्तस्रावाचं चित्र आहे. आडवं करा, चादर घाला, एकटं सोडू नका, आणि रुग्णवाहिका आली की याला आधी दाखवा.

बाकीचं थोडक्यात. मोडलेलं हाड ज्या कोनात आहे त्याच कोनात, खाली कपड्याची वळकटी देऊन. भाजलं असेल तर साधं वाहतं पाणी वीस मिनिटं. टूथपेस्ट, शाई, बर्फ नाही. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात, ते पिशवीत, ती पिशवी बर्फावर. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात नाही.

रुग्णवाहिका येईपर्यंत

येतेय असं कळलं असेल तर थांबा. येणारच नसेल, तर रिक्षात दुमडून कोंबण्यापेक्षा पिकअप किंवा टेम्पोचा सपाट हौदा शोधा आणि फळीवर किंवा दारावर चार-पाच जणांनी मिळून न्या. जवळच्या कोणत्याही रुग्णालयात गेलात तरी "पोलीस केस आहे" म्हणून परत पाठवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच ते स्पष्ट केलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी दावा होऊ शकत नाही, हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १३४ अ कलमात आहे, आणि नाव सांगण्याची सक्तीही नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. नातेवाइकांना हे सांगा, बहुतेकांना माहीत नसतं.

धडक तुमच्याच गाडीची झाली असेल तर कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं ही तुमची जबाबदारी आहे. जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर सवलत आहे. कायदा लिहिणाऱ्यांनाही आपले जमाव ठाऊक होते म्हणायचे! पण मग पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवलंच पाहिजे.

जखमीच्या डोळ्यांसमोर बसा, म्हणजे त्याला मान वळवावी लागणार नाही. नाव विचारा, तेच नाव घेऊन बोलत राहा, "मावशी, गाडी निघालीय, मी इथेच आहे." बारीकसं वाटतं, पण भीतीने उठू पाहणारा माणूस यानेच पडून राहतो. मोबाईल, मंगळसूत्र, पाकीट दोघांदेखत एका पिशवीत घाला.

डॉक्टर आले की चार वाक्यांत सांगा: किती वाजता झालं, मध्ये शुद्ध गेली होती का, रक्त कुठून आणि साधारण किती गेलं, पट्टा किती वाजता बांधला. मग बाजूला व्हा.

हात साबणाने धुवा. स्वतःला कापलं असेल आणि दुसऱ्याचं रक्त लागलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. लगेच गाडी चालवू नका. हात थरथरत असतात, ते तुम्हाला नंतर कळतं. पंधरा-वीस मिनिटं बसा, आता ती बाटली उघडून स्वतः पाणी प्या. रस्त्यावरच्या फांद्या उचला, त्रिकोण आणा, पुसा आणि डिकीत सगळ्यात वर ठेवा. घरी पोचल्यावर संपलेले पंचे पुन्हा भरायचेत.